विहिणीला घंटी कशी वाजवायची?

४ नोव्हेंबर

व्याहीबुवांस,

नमस्कार. सप्रेम लिहिणार होते, पण जे खोटं आहे हे दोघांनाही माहीत आहे ते कागदावर कशाला उतरवायचं?

तुमचा जबडा तारेनं आवळून बंद केलाय आणि महिनाभर तुम्हाला तोंड उघडता येणार नाही, असं जावयाकडून कळलं. वाईट वाटलं. जबडा मोडल्याचं वाटलं, तो बंद असल्याचं नाही. फोन करणार होते, पण पलीकडून नुसतं 'हं हं' करणाऱ्या माणसाशी मी काय बोलणार? लेकीला म्हटलं, सासऱ्यांना माझा एक निरोप दे. तर ती म्हणाली, "आई, तुमच्या दोघांचे निरोप मी लग्न ठरल्यापासून पोचवतेय. आता पुरे. काय ते लिही आणि टपालात टाक." म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला पाटीवर लिहून दाखवताय म्हणे, 'विहीणबाईंनी विनाकारण मारलं.' विनाकारण? रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मी मुकादम आहे. दिवसभर परक्यांच्या चादरी उकळायच्या, पिळायच्या, दाबयंत्राखालून काढायच्या, घड्या घालून कोठीत लावायच्या आणि मग कालव्याकाठच्या वाटेनं घरी जायचं, हे माझं वर्षानुवर्षांचं आहे. त्या संध्याकाळी अंधारून आलं होतं, वाटेवरचे दिवे अजून लागले नव्हते आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. पूल ओलांडला आणि माझ्या मागे टक टक टक टक सुरू झालं. मी चालले की टक टक. मी थांबले की बंद. मी झपाझप निघाले की तेही झपाझप. हाक नाही, घंटी नाही, उजेड नाही. पुलापासून जुन्या गोदामापर्यंत हा तमाशा चालला होता. मग मी वळले आणि हातातली पिशवी फिरवली. पिशवीत कोठीचं कुलूप होतं, दुरुस्तीला नेत होते. ते लोखंडाचं आहे यात माझा काय दोष?

खाली वाकून बघते तर आडवा पडलेला माणूस माझाच व्याही. बाकी सगळं गाव सोडून तुम्हीच सापडलात.

तुम्ही सायकल मंडळाचे अध्यक्ष. वाटेच्या दोन्ही टोकांना तुमच्या हातची नियमांची पाटी आहे. 'चालणाऱ्यांच्या मागून येताना आधी कळवावे.' चष्म्याचं दुकान आहे तुमचं. एखादा चांगला नंबर काढून स्वतःची पाटी वाचून बघा.

चोरासारखं मागे का लागला होतात, एवढं कळवा. लिहायला तोंड लागत नाही.

तुमची विहीण


८ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाई,

आपलं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वाचनात असं वाटलं की जखमी मी आहे हे लिहायचं आपल्याकडून राहून गेलं असावं. दुसऱ्या वाचनात कळलं की राहून गेलेलं नाही.

सध्या मी तिन्ही त्रिकाळ नळीनं सूप ओढतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की फळ्यावरच्या अक्षरांवर काठी टेकवतो आणि सूनबाई घरी असली की माझ्या वतीनं बोलते. हे सगळं कशासाठी? मी आपलं काय घोडं मारलं होतं?

आपण विचारलंत म्हणून सांगतो. मी आपल्याला पाठमोऱ्याच ओळखलं. आपली चाल ओळखायला चष्मा लागत नाही. पुढे बँडपथक वाजत असल्यासारख्या आपण वाटेच्या मधोमध चालता आणि पिशवी अशी झुलवता की दोन्हीकडून जागा राहत नाही. आता मागून येणाऱ्या सभ्य माणसानं काय करावं? घंटी वाजवावी? विहिणीला घंटी? उन्हाळ्यात एकदा वाजवली होती, बरं का. एकदाच, लांबून, अगदी हलक्या बोटानं. त्याचं बक्षीस मला चिरंजीवांच्या वाढदिवसाला मिळालं. भरल्या टेबलावर, माझ्या थोरल्या बहिणीसमोर आपण म्हणालात, "व्याही घंटी वाजवून मला म्हशीसारखं बाजूला हाकतात." सगळे हसले. माझी बहीण अजून हसते. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

बरं, घंटी नाही तर हाक मारावी? 'अहो विहीणबाई, सरका' असं भर वाटेवर ओरडायला मी भंगारवाला नाही. मग न सांगताच शेजारून निघून जावं? ते तर माझाच नियम मोडल्यासारखं होतं, आणि मी स्वतः रंगवलेल्या पाटीवरचा एकही नियम आजवर मोडलेला नाही. म्हणून मी आपल्या मागे, आपल्याच वेगानं राहिलो. पायी चालणाऱ्याच्या वेगानं सायकल हाकणं ही कला आहे. मंडळातल्या पोरांना ती जमत नाही, दोन हातांवर पाय टेकतात. तो टक टक आवाज मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा. पायडल मारायचं थांबवलं की होतो. दिवा मी मुद्दाम खाली वाकवून कागद लावला होता, कारण बाईमाणसाच्या पाठीवर झोत मारणं मला असभ्य वाटतं.

यातली एकेक गोष्ट मी सौजन्यापोटी केली. त्या सौजन्याच्या बदल्यात लोखंडी कुलूप मिळालं.

आपल्यासारख्या चालणाऱ्यांबद्दल माझं मत आपल्याला माहीत नसेल तर तेही कळवतो. एक जात कानात बोंडं खुपसून फिरते, तिला तोफही ऐकू येणार नाही. दुसरी जात चौघींची फळी धरून गप्पा मारते, जणू वाट यांच्या आजोबांनी बांधली. तिसरी कुत्र्याला एका कडेला आणि स्वतःला दुसऱ्या कडेला ठेवते, मध्ये दोरी. घंटी वाजली की यांच्यातला एकही माणूस नीट जागच्या जागी थांबत नाही. आधी डावीकडे उडी, मग उजवीकडे, मग मध्येच पुतळा. आपण चौथ्या जातीच्या. आपण थेट हाणता.

बरं होण्याच्या मार्गावर,
आपला व्याही


११ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

मी म्हैस म्हटलं नव्हतं. गाय म्हटलं होतं. तुमच्या बहिणीनं म्हैस केली, आणि त्यावर सर्वांत मोठ्यानं हसलेला माणूस तुम्ही होतात. पाणी पिताना ठसका लागला होता तुम्हाला.

एवढ्यावरून तुम्ही रुसलात? पाच मिनिटांच्या थट्टेवरून पाच महिने मनात ठेवलंत? तुमच्या घरात लेक दिली तेव्हा माणसं हळवी आहेत असं कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर आम्ही कापसात गुंडाळून बोललो असतो.

आणि सौजन्य कसलं घेऊन बसलात! पाठीवर उजेड पडला तर असभ्य, आणि अंधारात मागे मागे येणं सभ्य? दिव्याला कागद लावून बाईमागे येणाऱ्या माणसाला आमच्या धुलाईखान्यात वेगळं नाव आहे. ते पत्रात लिहीत नाही, जावयाच्या हाती लागायचं.

तुमच्या सायकलवाल्यांच्या जाती मीही सांगू शकते. एकजण कानाजवळ येऊन घंटी बडवतो, कर्णबधिरांना उठवायचं असल्यासारखी, आणि मागे बघून दात काढतो. दुसरे दोघं शेजारी शेजारी चालवत गप्पा मारतात आणि आपणच चिखलात उतरायचं. तिसरा काहीच कळवत नाही, सुळकन बाहीला घासून जातो, आपण दचकून 'अगं आई' म्हणेपर्यंत पुढच्या वळणावर. या तिघांना घडवणारे गुरू तुम्ही. नियम पाटीवर आणि चेले वाऱ्यावर.

एक साधी गोष्ट मला कळत नाही. घंटी नको होती, हाक नको होती, पुढेही जायचं नव्हतं. मग खाली का उतरला नाहीत? देवानं तुम्हालाही दोन पाय दिलेत. सायकल हातात धरून खुशाल चालायचं.

असो. मी नगरकचेरीत तक्रार दिली आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी, राग ताजा असताना. कारकुनानं ती वाचली आणि त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, "बाई, अशी तक्रार आम्हाला हवीच होती." सकाळी फिरणाऱ्यांचा एक संघ आहे. त्याचा म्होरक्या, कुठल्याशा कार्यालयातला निवृत्त हेडक्लार्क, माझ्या घरी येऊन हात जोडून गेला. महिनाअखेरीला सुनावणी आहे. तक्रार टिकली तर कालव्याच्या वाटेवर सायकली कायमच्या बंद, दोन्ही टोकांना लोखंडी खांब. तुमची पाटी तेवढी घरी घेऊन जा.

विहीण


१५ नोव्हेंबर

विहीणबाई,

उतरलो का नाही ते सांगतो. उतरलो असतो तर आपल्या शेजारून चालावं लागलं असतं. शेजारून चाललो असतो तर बोलावं लागलं असतं. आणि आपण बोलायला लागलात की कोणत्या दाबयंत्राचा रबरी पट्टा कसा झिजला इथून सुरू करता आणि दुकानाच्या दारापर्यंत माझ्या मुलाच्या पगारावर येता. मला ते नको होतं. आता खरं सांगितलं. समाधान?

तक्रारीचं ऐकून चिरंजीवांनी टेबलावर हात आपटला. सूनबाई उठून आत गेली. मी आपल्याला विनंती करतो, आणि विनंती हा शब्द मी आपल्या बाबतीत पहिल्यांदाच लिहितोय याची नोंद घ्यावी: तक्रार मागे घ्या.

माझ्यासाठी नको. मला चालेल, मी आता म्हातारा झालोय, दुकानाच्या पायरीवर बसून राहीन. पण त्या वाटेनं रोज पहाटे पाववाला जातो, कारखान्याच्या पहिल्या पाळीचे लोक जातात, शाळेतल्या शिक्षिका जातात. वाट बंद झाली की या सगळ्यांना हमरस्त्यानं जावं लागेल. तिथे मालट्रक कसे चालतात ते आपण बघितलंय. सायकलवाल्याला तिथे कडेची जागाच नाही, कडेला गटार आहे. आपल्याला कोण कोण त्या वाटेनं जातं याची कल्पना नाही.

त्या हेडक्लार्कला मी ओळखतो. त्याला दोन चष्मे करून दिलेत, दोन्ही वेळा तो म्हणाला की अक्षरं पुसट नाहीत, छपाईच वाईट आहे. अशा माणसाचं ऐकून आपण पाऊल उचलू नये.

आणि एक सूचना. तक्रारीत आपण लिहिलंय म्हणे की 'अनोळखी इसमानं पाठलाग केला.' विहीणबाई, मी अनोळखी नाही.

व्याही


१८ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

तक्रार मागे घेणार नाही. पाववाल्याच्या आडून तुमचं मंडळ बोलतंय, ते न कळायला मी काल जन्मले नाही. अध्यक्षपद जाईल, रविवारचा तो रंगीत सदऱ्यांचा जथा बंद पडेल, याचं दुःख आहे. पोटात दुखतंय आणि औषध डोक्याला मागताय.

आणि हो, तुम्ही मला लेकीकडून हळूच विचारलंत की मी त्या दिवशी फार भ्याले होते का. तिनं विचारल्यावर लगेच ओळखलं की प्रश्न तुमचा. तर ऐका, मी भ्याले नव्हते. धुलाईखान्यात मी एका दारुड्या सुरक्षारक्षकाला कॉलर धरून बाहेर काढलंय. मला भीती बिती वाटत नाही. मी धडा शिकवला, बस्स.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न. परवा लेक आली होती. उठताना तिची विजार वर सरकली, तर उजव्या पायाच्या घोट्यावर काळ्या तेलाचे डाग. धुण्याचं काम करते मी, तेलाचा डाग ओळखते. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं," आणि बूट चढवून निघूनही गेली. तुमच्या दुकानात काच घासायचं यंत्र आहे. माझ्या लेकीला तुम्ही यंत्र पुसायला बसवता का? ती नोकरी करून दमून येते, आणि त्यावर सासऱ्याच्या यंत्राला तेल घालायचं? लग्नाच्या वेळी तोंडभर म्हणाला होतात, सून नाही, मुलगी आणतोय. मुलीच्या घोट्याला असं तेल लागत नाही, गड्याच्या लागतं.

मूग गिळून बसू नका. उत्तर द्या.

विहीण


२१ नोव्हेंबर

विहीणबाई,

हे पत्र लिहू नका असं सूनबाईनं मला सांगितलं होतं. मी तिला शब्द दिला होता. पण आपण मला सुनेला गडी बनवणारा सासरा ठरवलंत, ते मला सहन होत नाही.

ते यंत्राचं तेल नाही. सायकलच्या साखळीचं आहे. उजव्या घोट्यालाच लागतं, कारण साखळी उजवीकडे असते. आपली मुलगी गेल्या हिवाळ्यापासून सायकलनं कामाला जाते. कालव्याच्या वाटेनं, रोज सकाळी, आपण कामावर पोचल्यानंतर. मीच शिकवलं. पहिले आठ दिवस ती हँडल सोडून डोळ्यांवर हात घ्यायची. आता माझ्यापेक्षा सफाईनं चालवते, आणि चालणाऱ्यांजवळून जाताना वेग कमी करून 'काकू, उजवीकडून येते हं' असं इतकं गोड म्हणते की कुत्रेवालेसुद्धा दोरी आखडून घेतात. आपल्याला सांगितलं नाही, कारण सायकलवाल्यांबद्दल आपण जे बोलता ते ती लहानपणापासून ऐकत आलीय. ती म्हणाली, "आई मला काही बोलणार नाही. पण बघेल ना, तसं बघेल." आपण कसं बघता ते मला माहीत आहे.

तिच्या कामाला जायला बस नाही. वाट बंद झाली की ती हमरस्त्यानं जाईल. मी तिला सांगून पाहिलं की नोकरी बदल. तिनं मला जे उत्तर दिलं ते शब्दशः आपलं होतं, स्वरासकट.

म्हणजे खांब बसले की मालट्रकच्या चाकाशेजारी आपली मुलगी असेल. मंडळ गेलं खड्ड्यात.

आता दुसरं. आपण लिहिता, भ्याले नव्हते. मी तिथे होतो. पिशवी फिरवताना आपण वळलात तेव्हा मला आपला चेहरा दिसला. जबडा नंतर मोडला, चेहरा आधी दिसला. इतकी वर्षं आपण माझ्याकडे नाक मुरडून बघता, त्याची मला सवय आहे आणि त्याची परतफेडही मी वेळच्या वेळी करतो. पण तो चेहरा तसा नव्हता. माझ्याकडे बघून कुणी इतकं घाबरेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. रात्री तारेचं दुखणं थांबतं, ते थांबत नाही.

तिरस्कार करा, विहीणबाई. खुशाल करा. पण मला घाबरू नका.

व्याही


३० नोव्हेंबर

व्याहीबुवा,

तुमच्या जबड्याची तार काल निघाली असं कळलं. म्हणजे आता फोन करता आला असता. तरी लिहितेय, कारण बोलताना तुम्ही मध्ये तोंड घालता, आणि आज मला सलग सांगायचं आहे. तुम्ही दवाखान्यात होतात, त्यामुळे सुनावणीत काय झालं ते तुम्हाला इकडून तिकडून कळलं असेल. तिकडून आलेलं खोटं असेल. हे घ्या खरं.

तुमचं पत्र आल्यावर मी कचेरीत जाऊन तक्रार मागे घेते म्हणून सांगितलं. कारकून म्हणाला, "आता नाही घेता येणार, बाई. जे काय असेल ते सुनावणीत उभं राहून बोला." त्याला वाटलं मी तिथे बोलणार नाही. बघितलंत ना, लोक मला किती ओळखतात ते.

खोली गच्च भरलेली. एका बाजूला फिरणाऱ्यांचा संघ, इस्त्रीचे कपडे घालून. इस्त्रीही धड नव्हती, शिवणीवर चुण्या. दुसऱ्या बाजूला तुमची मंडळी, डोक्यावरची ती हेल्मेटची टोपरी मांडीवर घेऊन, शाळेतून नाव काढून टाकणार असल्यासारखी. साहेब टेबलामागे, नखं कुरतडत. हेडक्लार्क उठला आणि त्यानं माझी अशी काही कहाणी सांगितली की माझी मलाच दया आली. अबला, असहाय, एकटी, नराधम. तुम्ही नराधम, बरं का. नळीनं सूप पिणारे.

मग साहेबांनी मला उभं केलं. मी म्हटलं, "माझ्या मागे नराधम नव्हता. माझा व्याही होता. तो मूर्ख आहे. पण मूर्खपणावरून वाट बंद करायची तर आधी ही कचेरी बंद करा."

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मग तुम्ही त्यांना मारलं का?"

व्याहीबुवा, धुलाईखान्यातल्या माझ्या हाताखालच्या तिघीजणी तिथे बसल्या होत्या. मला बघायला आल्या होत्या, मी साहेबांना कशी झापते ते. दारुड्या सुरक्षारक्षकाची गोष्ट त्यांना पाठ आहे. त्यांच्यासमोर बोलायचं होतं. एकदा वाटलं, सांगावं की ओळखलं नाही, गैरसमज झाला आणि बसावं खाली. पण मग हेडक्लार्कनं पुन्हा पाठलाग पाठलाग केलं असतं आणि खांब बसलेच असते. लेक दारापाशी उभी होती. सायकलचं टोपरं हातात धरून, मला दिसेल असं. आजवर लपवलं आणि नेमकं त्या दिवशी दाखवलं. तीही तुमच्या घरात राहून हट्टी झालीय.

मी म्हटलं, "घाबरले म्हणून मारलं. त्यानं काही केलं नव्हतं. नुसता मागे होता. मला कोण आहे ते माहीत नव्हतं, आणि मी घाबरले होते. फार घाबरले होते. पुलापासून गोदामापर्यंत मी देवाचं नाव घेत होते. एरवी मी घेत नाही."

एवढं बोलताना मला जे सोसावं लागलं ते तुमच्या तारेपेक्षा जास्त होतं. माझ्या तिघींनी माना खाली घातल्या. मला वाटलं, संपलं, उद्यापासून कोण माझं ऐकणार. तेवढ्यात त्यांच्यातली सर्वांत तोंडाळ, जी कधी माझं ऐकतच नाही, उठली आणि म्हणाली, "मी पण रोज घाबरते. म्हणून मी किल्ली मुठीत धरून चालते." मग संघातली एक बाई उठली. मग आणखी एक. हेडक्लार्क बसा बसा म्हणत होता आणि कुणी बसत नव्हतं.

साहेबांना तोडगा सुचला. म्हणाले, "असं असेल तर बायकांनी दिवेलागणीनंतर त्या वाटेनं जाऊच नये." इतकं शिकून, इतक्या मोठ्या टेबलामागे बसून या माणसाला हे सुचलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही रुग्णालयात पडलात तर चादर बदलायला कोण येईल? संध्याकाळची पाळी बंद करू का? आम्हाला घरात बसवू नका. दिवे वेळेवर लावा, आणि मागून येणाऱ्याला तोंड उघडायला सांगा. घंटी वाजवा, हाक मारा, काय वाटेल ते करा, पण कळवा. हे या मंडळाच्या पाटीवर आधीच लिहिलंय. तुम्ही वाचली नसेल."

तर खांब बसणार नाहीत. दिवे अंधार पडायच्या आत लागतील, आणि मागून येताना कळवणं आता सगळ्यांना सक्तीचं आहे, कचेरीच्या शिक्क्यानिशी. कुलपाबद्दल मला ताकीद मिळाली. लेखी. हेडक्लार्क जाताना माझ्याशी बोलला नाही, हा दिवसातला एकमेव फायदा.

बाहेर लेक उभी होती. मी काही बोलले नाही, तिच्याकडे 'तसं' बघितलंही नाही, हे तिला विचारून खात्री करून घ्या. आम्ही वाटेनं निघालो, ती सायकल हातात धरून. पुलाशी मी तिला म्हटलं, "बस आता त्याच्यावर. बघू तरी." ती बसली आणि गेली. सरळ गेली, डुगडुगली नाही. चांगलं शिकवलंय तुम्ही. हे वाक्य मी एकदाच लिहितेय, पुन्हा मागू नका. ती दिसेनाशी झाली तेव्हा वाटेवर मी एकटीच होते, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या मिनिटाला पुन्हा कान मागे गेले.

तुम्ही लिहिलंत, तिरस्कार करा, पण घाबरू नका. पहिलं माझ्या हातात आहे आणि मी ते मन लावून करते. बढाईखोर आहात, हळवे आहात, आपलं सौजन्य आपणच कुरवाळत बसता, आणि ते समोरच्याला दिसतंय की नाही याची तुम्हाला पर्वा नाही. हे मत बदलायचं काही कारण घडलेलं नाही. पण दुसरं माझ्या हातात नाही हो. मागे कोण आहे ते कळलं नाही की माणूस घाबरतंच. ते तुमच्याच हातात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मी पुढे दिसले की लांबूनच आवाज द्या. घंटी वाजवा. मी कुणाच्या टेबलावर काही बोलणार नाही. नाहीतर सरळ ओरडा. विहीणबाई म्हणा, म्हैस म्हणा, शिवी हासडा, मला काही फरक पडत नाही. तुमचा आवाज ऐकला की मी मागे वळूनसुद्धा बघणार नाही.

विहीण